सात नंबरची बशी

इनक्युबेटरचं दार उघडण्याआधी ताई त्यावर दोनदा टकटक करायच्या. "उठलीस का गं बाय?" मग सात नंबरची बशी अलगद बाहेर काढायच्या.

रसायनीच्या त्या प्रयोगशाळेत मी यंत्रांची देखभाल करायचो. तिथे संशोधन करणाऱ्या ताई पळसदरीच्या, भातशेतकऱ्याच्या घरातल्या, कामाला एकदम चोख. म्हणून त्यांचं हे खूळ सगळे चालवून घ्यायचे. मी मात्र चिडवायचो, "काय म्हणतेय बाय आज?"

"भूक लागली म्हनते," त्या हसायच्या.

एकदा डबा खाताना मी विचारलं, त्या बशीत एवढं आहे तरी काय?

"माझी धाकटी बहीन. पाय लुळे पडत गेले, नवव्या वर्षी गेली. इस्पितळात तिची चिमूटभर कातडी घेतलेली, तिच्या पेशी हायत त्या." मग मला कळेल असं सांगितलं, "पेशीत आरएनए नावाची चिठ्ठी असते, ती वाचून प्रथिन बनतं. हिच्या चिठ्ठीत मधीच 'थांब' आलंय. पेशी अशी चिठ्ठी फाडूनच टाकते. म्हनून मोजायला गेलं की चिठ्ठ्या सापडतच नाय."

पोर जाऊन बावीस वर्षं झाली होती आणि पलीकडच्या खोलीत ती वाढत होती. त्यानंतर मी कधी चिडवलं नाही. खरं सांगतो, मला त्या खोलीची भीतीच वाटू लागली.

चिठ्ठ्या मोजायच्या तर पेशी फोडाव्या लागतात. दरवेळी ताई आधी म्हणायच्या, "थोडं दे गं." बशीतल्या संपल्या की गोठवून ठेवलेल्या तिच्या पेशींची नवी कुपी काढायच्या. हळूहळू त्या कुप्याही संपल्या. उरलेली एकच कुपी ताईंनी जिवापाड जपली.

मग त्यांच्या भाचीचे, थोरल्या बहिणीच्या मुलीचे, पाय लटपटू लागले. तपासणीत तोच दोष निघाला. अर्धवट चिठ्ठीतूनही थोडंफार चालेल असं प्रथिन बनू शकतं, म्हणून चिठ्ठ्या फाडणं रोखणारं एक औषध तपासायचं होतं. ताईंनी ती कुपी काढून सात नंबरच्या बशीत वाढवली.

पेशी फोडायच्या दिवशी त्यांनी इनक्युबेटर पहिल्यांदाच टकटक न करता उघडला.

संध्याकाळी पडद्यावर औषध दिलेल्या पेशींची रेघ वर गेली. "चिठ्ठ्या राहिल्या रं!" ताई रडत म्हणाल्या. "निरोगी पेशीत असतात त्याच्या अजून अर्ध्याच हायत. पन राहिल्या."

पुढच्याच महिन्यात त्या नोकरी सोडून भाचीसोबत तिच्या उपचारांसाठी मुंबईला गेल्या. परवा तो इनक्युबेटर दुरुस्तीला माझ्याकडे आला. आत काही नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी हात आपोआप दारावर गेला. दोनदा टकटक केलं आणि उत्तराची वाट बघत उभा राहिलो.