कणगीतली बाटली

आमची सकुबाई फाटक्या तोंडाची. खर्डीत तिला समोरून येताना बघून लोक वाट बदलायचे, खोटं नाय सांगत. पण ज्या घरचं पोर मुंबईच्या दवाखान्यानं "आता घरी न्या" म्हणून परत पाठवलेलं असायचं, त्या घरी हीच जायची. शहापूरच्या एका संस्थेनं तिला शिकवलं होतं. अशा पोरांचं अंग पुसायचं, जखमा धुवायच्या, कळ थांबवायचं औषध द्यायचं, आयबापाजवळ बसायचं. मी तिची जाऊ. सोबतीला जायची आणि घरी येऊन रडायची. ती रडायची नाय, मला शिव्या द्यायची.

२००४ साली भातं झोडून झाली तेव्हाची गोष्ट. मुरबाडकडच्या एका पाड्यावर रखमीची वर्षा होती, नऊ वर्षांची. मांडीच्या हाडाचा कॅन्सर. आमी अंगणात पोचलो तर आतून पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं. सकुबाई तडक आत शिरली. "औषध दिलंस का गो?"

"देते ना," रखमी म्हणाली. पण नजर भाताच्या कणगीकडं.

सकुबाईनं कणगीत हात घातला. भातात पुरलेली बाटली निघाली, जवळजवळ भरलेली. मग काय, तोंडाचा पट्टा सुटला! "पोर तळमळतंय आणि तू औषध पुरून ठेवतेस? आई हाईस का वैरीण?"

"ओरडू नका, बाय," रखमी म्हणाली. "आज संपवलं तर पुढं काय? म्हसा गावच्या जत्रेत तिला पाळण्यात बसवायची हाय. त्या दिशी कळ नको यायला, म्हणून राखलं."

चांगलं ते राखून ठेवायचं, हीच आमची रीत. बियाणं राखतो, सणाचं लुगडं राखतो. तिचं काय चुकलं?

नवी बाटली आणते, एवढं सांगून सकुबाई सुटली असती. पण रखमीनं तीपण जत्रेसाठी पुरली असती. म्हणून ती रखमीशेजारी जमिनीवर टेकली. "औषध मी आणखी आणीन गो. पण जत्रा पौषात. पोर तवर नाय टिकायची. राखायला दिवस नाय ऱ्हायले."

"जीभ झडो तुझी!" रखमीनं तिला ढकललंच. मग पोरीनं ऐकू नये म्हणून पदर तोंडात कोंबून रडली. सकुबाईनं तिला सोडलं नाय.

बऱ्याच वेळानं रखमी उठली. औषध मापून पाजलं. पोरीचं कण्हणं थांबलं, तशी तिनं पत्र्याची पेटी उघडली. जत्रेसाठी राखलेला लाल फ्रॉक, रिबिनी, काचेच्या बांगड्या, सगळं पोरीच्या अंगावर चढवलं.

वर्षानं बांगड्या वाजवल्या. "आये, आज जत्रा हाय?"

"होय गो," रखमी म्हणाली, "आजच हाय."

सकुबाईच्या डोळ्यांना धार लागली. तशीच माझ्यावर खेकसली, "बघतेस काय? लुगडं घे, आढ्याला झोळी बांध. जत्रेत पाळणा नको?"

मी बांधली. तिघींनी मिळून वर्षाला अलगद उचलून आत ठेवलं. नऊ वर्षांची पोर, तान्ह्या बाळाच्या झोळीत मावली.