पुडीवरची शीग

नव्वदच्या दशकात शहापूरकडच्या एका डी.फार्म. कॉलेजात मी औषधं बनवण्याचं प्रॅक्टिकल शिकवायचे. भर उन्हाळ्यातही वजन करताना पंखे बंद करायला लावायचे, त्यामुळे मुलं माझ्यावर वैतागलेली असत आणि मी त्यांच्यावर.

त्यातला एक टोकावड्याचा मुलगा. हुशार, पण पुड्या करायला बसला की माझा पारा चढे. चूर्ण थोडं खलाला चिकटून वाया जातं, म्हणून एका पुडीचं जास्त घ्यायचं, पुड्या अगदी सारख्या वजनाच्या करायच्या आणि उरलेलं टाकून द्यायचं. हा टाकतच नसे. चिमूट चिमूट करून पुड्यांवरच वाटून टाकी. त्यापायी एकदा नापासही झाला होता. इकडे वडिलांनी त्याच्या मेडिकलसाठी ओटीवर फळ्या मारून ठेवलेल्या, आणि तो पास झाल्याशिवाय लायसन मिळणार नव्हतं.

एकदा चिडून मी कारण विचारलं.

"मॅडम, घरात भात मापताना वर शीग लावल्याबिगर आमी कोनाला देत नाय," तो म्हणाला. "मग आजारी मान्साला कमी कसा द्याचा?"

हसू आलं, ते दाबलं. अधोलीच्या मापावर ढीग ठेवला तर घेणारा सुखावतो, पण पुडीतली जास्तीची चिमूट तान्ह्या पोराच्या जिवावर बेतते, हे परोपरीनं सांगितलं. मग दर प्रॅक्टिकलला माझ्यासमोर उरलेलं टाकायला लावलं. ताटातला घास टाकावा लागल्यासारखं तोंड करायचा.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. मी तिथंच उभी, पण खोकायचीही सोय नव्हती. त्यानं पुड्या तोलल्या. कागदावर थोडं चूर्ण उरलं. त्याची चिमूट शेवटच्या पुडीपर्यंत गेली. मग त्यानं बोटं झटकली, उरलेल्या चूर्णाला नमस्कार केला आणि ते टाकून दिलं. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर. पुड्या मात्र काट्यावर बरोबर उतरल्या. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी पंखे मीच लावले.

पुढे त्याचं दुकान बघायला मुरबाडहून एसटीनं टोकावड्याला गेले. एक आजोबा गोळ्या जरा जास्त दे म्हणून मागे लागले होते. लिहिल्यात तेवढ्याच मिळतील, असं सांगून त्यानं त्यांना वाटेला लावलं.

निघताना त्याच्या आईनं मला द्यायला नवा तांदूळ काढला. मापायला तोच बसला. मी म्हटलं, माप सपाट कर, परीक्षक समोर आहे.

"मॅडम, हे औषध नाय," तो म्हणाला आणि दाणे माझ्या पायावर सांडेपर्यंत शीग लावत राहिला.