अनुसूयाक्काचा करार

अनुसूयाक्का माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं माहेर आणि सासर दोन्ही चामराजपेटेतच. आमची घराणी तीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी ‘जरा’ऐवजी ‘स्वल्प थांब’ आणि ‘बरं’ऐवजी ‘सरी, येते’. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा भीमाचार्य, शाळेत संस्कृत शिकवायचे. मुलीनं व्याकरण शिकावं अशी त्यांची इच्छा होती. ती शिकली टायपिंग. १९५१ साली बसवनगुडीतल्या एका धर्मादाय इस्पितळाच्या कचेरीत ती टायपिस्ट म्हणून लागली. तेव्हा तिचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. नवरा, गुरुराज, हायस्कुलात मास्तर. बायको नोकरी करते यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. तिला उशीर झाला की ते स्वतः सारू-भात करून ठेवायचे आणि शेजाऱ्यांना तसं मोकळेपणानं सांगायचेही.

सत्तावन्न साली इस्पितळानं डिझेल जनरेटर घेतला. वीज गेली तर ऑपरेशन थिएटर आणि बाळंतिणींचा वॉर्ड अंधारात राहू नये, म्हणून. त्यासाठी मागच्या अंगणात पत्र्याची शेड बांधली, समारंभ झाला, भाषणं झाली, फोटो निघाला. त्या वर्षीच्या दसऱ्याला आयुधपूजेत इंजिनाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, पुढ्यात कोहळा फोडला. त्यानंतर शेडला कुलूप लागलं. किल्ली राहिली वॉचमन शिवाप्पाकडे.

पुढच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी अकराच्या सुमारास वीज गेली. आत डॉक्टर सुधींद्र एका बाईचं पोट उघडून उभे होते. शिवाप्पा धावत शेडकडे गेला, कुलूप काढलं, बटण दाबलं. आतून टक् असा एक आवाज आला. पुन्हा दाबलं. टक्. मग तोही येईना.

थिएटरच्या खिडक्यांचे पडदे ओढून काढले. दोन नर्सेसनी टॉर्च धरले. एका टॉर्चचे सेल उतरलेले होते, म्हणून अनुसूयाक्का कचेरीतला टॉर्च घेऊन धावली आणि तो दारातून आत देऊन तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. चाळीस मिनिटं. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, “उजवीकडे धर. अजून खाली. हलू नको.” बाई वाचली. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

दोन दिवसांनी इस्पितळाच्या समितीची बैठक बसली. जनरेटर विकणाऱ्यांचा माणूस येऊन पाहून गेला होता. मशीन उत्तम आहे, बॅटरी मेली आहे, वर्षभर कुणी चालवलंच नाही, असं त्यानं लिहून दिलं. समितीचे चिटणीस अप्पासाहेब म्हणाले, “म्हणजे दोष शिवाप्पाचा. त्याला काढून टाका.”

अनुसूयाक्का कोपऱ्यात बसून बैठकीचं टिपण घेत होती. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

“साहेब, इंजिन चालवायचं काम शिवाप्पाचं आहे, असं कुठे लिहिलंय? फाइल मी लावते. त्याला किल्ली सांभाळायला सांगितलं होतं. किल्ली त्यानं सांभाळली.”

अप्पासाहेबही मराठी बोलणाऱ्या घरातलेच. कन्नडमधून चाललेली बैठक सोडून ते एकदम मराठीत आले. “मग काम कुणाचं होतं म्हणता?”

“कुणाचंच नव्हतं. आपण मशीन घेतलं, पण ते सांभाळायचं काम कुणाला दिलंच नाही.”

डॉक्टर सुधींद्र एवढंच म्हणाले, “त्या बरोबर बोलतायत.” शिवाप्पाची नोकरी राहिली. आणि अप्पासाहेबांनी थोड्या रागानंच सांगितलं, “तर मग तुम्हीच देखभालीचा एक करार तयार करा, अनुसूयाबाई. पुढच्या बैठकीत ठेवा.”

आता करार टाइप करणं निराळं आणि करार तयार करणं निराळं. इंजिनाला काय लागतं हे तिला ठाऊक नव्हतं. पण कुणाला विचारावं हे तिनं शोधून काढलं. कलासीपाळ्यात फत्तेसिंगराव नावाच्या मराठा गृहस्थांचं छोटं वर्कशॉप होतं. लष्करी वर्कशॉपमध्ये बारा वर्षं डिझेल इंजिनं दुरुस्त करून ते बाहेर पडले होते. शनिवारी दुपारी कचेरी सुटल्यावर ती एकटीच तिथे गेली. आजूबाजूच्या लॉऱ्यांखालून माणसं डोकी काढून बघू लागली. फत्तेसिंगरावांनी हात पुसले, एक स्टूल फडक्यानं झाडलं आणि म्हणाले, “बसा अक्का. गाडी कुठली बिघडली?”

“गाडी नाही. मला इंजिन शिकायचंय. कराराएवढं.”

ते हसले नाहीत. चार शनिवार ती त्या स्टुलावर बसली. बॅटरीत पाणी कुठलं घालतात, ते किती दिवसांनी बघायचं, तेल काळं का होतं, फिल्टर म्हणजे काय, पट्टा सैल झाला की काय होतं, सगळं तिनं वहीत उतरवून घेतलं. एका शनिवारी ते म्हणाले, “आणि अक्का, नुसतं सुरू करून बंद करण्यात अर्थ नाही. रिकामं चाललं की इंजिन काजळी धरतं. त्याच्यावर ओझं पाहिजे. थिएटरचे दिवे, स्टेरिलायझर, सगळं त्याच्यावर टाकून अर्धा तास चालवायचं. दर आठवड्याला.”

“म्हणजे मुद्दाम वीज तोडायची?”

“मुद्दाम तोडायची. मग कळतं.”

तिनं कलमं लिहिली. दर आठवड्याला ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी मेन स्विच पाडून इंजिन पूर्ण लोडवर अर्धा तास चालवावं. तेल, पाणी, बॅटरी, पट्टा यांची नोंद वहीत करावी. मेकॅनिकच्या सहीशेजारी इस्पितळाच्या माणसाची सही असावी, आणि सही करणाऱ्यानं इंजिन चालताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं. हे शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं होतं. तिनं ते इंग्रजीत टाइप केलं आणि खाली जाड रेघ ओढली.

समितीपुढे तीन कोटेशनं आली. एका कंपनीनं सर्वांत कमी दरात वर्षातून दोनदा येऊन ‘तपासणी’ करण्याची तयारी दाखवली होती. अप्पासाहेबांना ती पसंत होती. अनुसूयाक्का म्हणाली, “त्यांची दुसरी तपासणी होईपर्यंत पंचवीस आठवडे जातात, साहेब.”

पण खरा विरोध आला तो डॉक्टर सुधींद्रांकडून. “दर आठवड्याला माझ्या थिएटरची वीज तोडणार? हे चालायचं नाही.”

“तुम्ही केस नसेल ती वेळ सांगा, डॉक्टर. ती वेळ करारात घालते. तुम्हाला न विचारता वीज जायची ती जाईलच. त्याच्या आधी तुम्हाला विचारून एकदा घालवू या.”

डॉक्टरांनी खिशातली डायरी उघडून पाहिली. मग म्हणाले, “सरी. मंगळवार, दहा.” करार फत्तेसिंगरावांशी झाला. इस्पितळाच्या वतीनं पाहायचं आणि सही करायची ती कुणी, असा प्रश्न निघाला, तेव्हा कुणी नाव सुचवायच्या आत अनुसूयाक्का म्हणाली, “मी.”

पुढची दोन वर्षं मंगळवारी दहाला ती नऊवारीचा पदर खोचून शेडमध्ये हजर असायची. इंजिनाच्या आवाजातला फरक तिला कळू लागला. “आज खोकतंय,” असं ती म्हणायची, आणि फत्तेसिंगराव मान डोलवून नोझल काढायचे.

मग साठ साली एकदा बिनसलं. फत्तेसिंगरावांच्या मुलीचं लग्न होतं. मंगळवारी यायला जमणार नाही म्हणून त्यांनी सोमवारी सगळे रकाने भरून, सही करून कागद पाठवून दिला. ‘तेल ठीक, पाणी ठीक, अर्धा तास चालवले.’ अनुसूयाक्कानं तो कागद परत पाठवला. सोबत चिठ्ठी: लग्न होऊ द्या, गुरुवारी या, डॉक्टरांना विचारून ठेवलंय, मी दहाला शेडमध्ये असेन.

गुरुवारी ते आले ते कपाळाला आठ्या घालूनच. “अक्का, दोन वर्षांत एक मंगळवार चुकला नाही माझा. माझ्या शब्दावर एवढाही विश्वास नाही?”

“तुमच्या शब्दावर आहे, फत्तेसिंगराव. पण तुमचा शब्द इंजिनानं कुठे ऐकलाय?”

ते तडक आत गेले. मेन स्विच पाडला, इंजिन सुरू केलं. सुरू झालं अगदी झोकात. फत्तेसिंगराव तिच्याकडे न बघता हाताची घडी घालून उभे राहिले. नवव्या मिनिटाला आवाज बसू लागला. अकराव्या मिनिटाला इंजिन दोन आचके देऊन थांबलं.

मेन स्विच वर करून त्यांनी फिल्टर उघडला. आत डिझेलबरोबर पाणी होतं, तळाशी गाळ. आदल्या आठवड्यात नवीन पिंपातून टाकी भरली होती; पाणी त्यातूनच आलं असणार. दोन तास खपून त्यांनी टाकी धुतली, नळी साफ केली, फिल्टर बदलला आणि पुन्हा पूर्ण अर्धा तास चालवून दाखवलं. मग कडेच्या दगडावर बसले.

“मी लिहून पाठवलं होतं, ठीक आहे म्हणून,” ते म्हणाले.

“मुलीचं लग्न होतं हो.”

“तसं नाही अक्का. लष्करात असतो तर...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “तुमच्या त्या करारात एक कलम वाढवा. दर वेळी सुरू करायच्या आधी टाकीच्या तळाचा नळ उघडून पेलाभर डिझेल काचेच्या भांड्यात घ्यायचं. पाणी दिसलं तर इंजिनाला हात लावायचा नाही. हे लिहा, आणि माझी सही घ्या.”

तिनं त्याच दुपारी ते टाइप केलं. लग्नाचे लाडू त्यांनी संध्याकाळी घरी आणून दिले.

बासष्टच्या मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, बसवनगुडीवर वादळ आलं. गारा पडल्या. इस्पितळासमोरचं मोठं झाड तारांवर कोसळलं आणि अर्ध्या भागाची वीज गेली. थिएटरमध्ये एका अडलेल्या बाळंतिणीचं ऑपरेशन चाललं होतं. दिवे गेले. अनुसूयाक्का टाइपरायटरवरून उठलीसुद्धा नाही, असं ती मला अभिमानानं सांगायची. ती बोटांवर सेकंद मोजत होती. आता शिवाप्पाला कलमांप्रमाणे इंजिन सुरू करायला शिकवलेलं होतं. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. मागच्या अंगणातून ओळखीचा धडधडाट आला आणि तिच्या टेबलावरचा दिवा लागला नसला तरी समोरच्या बोळातून थिएटरच्या दारावरचा लाल दिवा पेटलेला तिला दिसला. आत डॉक्टर सुधींद्रांनी वरसुद्धा पाहिलं नाही, असं नर्सनं नंतर सांगितलं.

वीज यायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. सत्तावीस तास इंजिन चाललं. फत्तेसिंगराव भिजत सायकलवरून आले आणि शेवटपर्यंत शेडमध्ये राहिले. त्या सत्तावीस तासांत इस्पितळात सहा मुलं जन्मली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः शेडमध्ये गेले, वही मागितली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘आम्हाला काही कळलंच नाही.’ खाली सही केली. अनुसूयाक्का म्हणायची, इतकी वर्षं नोकरी केली, पण याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणी दिलं नाही.

त्या वादळात शहरातल्या आणखी दोन इस्पितळांची इंजिनं सुरू झाली नव्हती. त्यांची पत्रं आली. मग तुमकूरहून आलं, दावणगेऱ्याहून आलं. सगळ्यांना कराराची प्रत हवी होती. कार्बन घालून तिनं तो करार किती वेळा टाइप केला, याचा तिलाच पत्ता नव्हता. त्रेसष्ट साली म्हैसूरच्या एका इस्पितळानं तर लिहिलं, प्रत नको, ज्यांनी लिहिला त्यांनाच पाठवा. अप्पासाहेबांनी ते पत्र स्वतः तिच्या टेबलावर आणून ठेवलं. “जाऊन या, अनुसूयाबाई. इस्पितळाच्या कामानंच जाताय, रजा घालू नका.”

ती सकाळच्या गाडीनं गेली. लांबट टेबलाभोवती नऊ पुरुष बसले होते, दोन डॉक्टर, एक वकील, बाकीचे व्यापारी. ती कन्नडमधून तासभर बोलली. वकिलांनी तिसऱ्या कलमावर हरकत घेतली, ती तिनं खोडून काढली. सातव्या कलमावर घेतली, ती तिला पटली आणि तिनं तिथल्या तिथे पेन्सिलनं दुरुस्ती केली. शेवटी एका व्यापाऱ्यानं अदबीनं विचारलं, “आपण इंजिनियर ना, अम्मा?”

“नाही,” अनुसूयाक्का म्हणाली, “मी टायपिस्ट.”

त्यांनी तिला कॉफी दिली, शेडमध्ये नेऊन आपलं इंजिन दाखवलं. तिनं आधी तेलाची काडी ओढून पाहिली, मग बॅटरीवरचा पांढरा थर बोटानं खरवडला आणि त्यांच्या मेकॅनिकला दोन प्रश्न विचारले. दुपारच्या गाडीनं ती परत निघाली. गाडीला गर्दी बेताची होती. खिडकीशी बसून तिनं ती दुरुस्ती विसरायच्या आत वहीत नीट लिहून काढली, आणि मद्दूर आलं तेव्हा गुरुराजांसाठी गरम वडे बांधून घेतले.