नाशिकचं पाणी आणि बेहालाची मुरुमं

जूनमधला पहिला रविवार, हावडा स्टेशन. हजर: मी, माझा नवरा, आमची मुलगी सई, गाडीतून नुकतीच उतरलेली माझी नणंद, तिच्या दोन बॅगा आणि नाशिकच्या नळाच्या पाण्याने भरलेले चार कॅन.

माझ्या नणंदेने ज्याच्या पाण्याला दोष दिला नाही, असं शहर तिच्या बँकेला अजून सापडलेलं नाही. ती सरकारी बँकेत अधिकारी आहे, दर तीन वर्षांनी तिची बदली होते आणि शाळेत असल्यापासून तिच्या चेहऱ्यावर मुरुमं आहेत. या तिन्हींची तिने पक्की सांगड घातली आहे. बदली झाली की पाणी बदलतं, पाणी बदललं की मुरुमं उठतात. "पण मुरुमं आधीच्या गावीही होतीच ना?" असं विचारून काही होत नाही, ती त्या गावच्या पाण्याची होती. लग्न का केलं नाहीस, या प्रश्नालाही "कुठलंच पाणी मानवलं नाही" असं उत्तर देऊन ती विषय संपवते. म्हणून तोंड धुण्यापुरतं घरचं, नाशिकचं पाणी ती बरोबर घेऊन हिंडते. हावड्याच्या हमालाने एक कॅन उचलून विचारलं, "एतो भारी, दीदी? तेल आछे?" "पानी है," नवरा खालच्या आवाजात म्हणाला. हमालाने कॅन खाली ठेवला, बाहेर वाहणाऱ्या हुगळीच्या दिशेने पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. चारही कॅन नवऱ्याने स्वतः टॅक्सीपर्यंत वाहिले.

ती आमच्याकडे कोलकात्यात, बेहालाला राहायला आली आणि गोदीजवळच्या खिदिरपूरच्या शाखेत रुजू झाली. मी घर वेळेवर चालवणारी बाई. दूध, गॅस, इस्त्री, सगळं ठरलेल्या वारी, यादीवर रेघ मारून. तिने पहिल्याच आठवड्यात माझं न्हाणीघर ताब्यात घेतलं. बेसिनवर मुलतानी माती, चंदन, मसूरडाळीचं पीठ, कडुनिंबाचा पाला. आंघोळीला गेलेल्या माणसाला आधी साबण शोधावा लागे. मसूरडाळीने ती चेहरा असा घासायची, जशी मी करपलेली कढई घासते. तोंड किती वेळा धुवायची याला सुमार नव्हता. एकदा लिंबाचा रस लावून उन्हात कपडे वाळत घालायला गेली आणि गालावर काळे चट्टे घेऊन आली. एका सकाळी मुरुमांवर टूथपेस्टचे ठिपके लावले आणि तशीच शाखेत जाऊन खुर्चीवर बसली. गोदीतून आलेल्या एका म्हाताऱ्या खातेदाराने हळूच विचारलं, "पॉक्स होयेछे, मॅडम?" बघता बघता तिच्यासमोरची रांग शेजारच्या काउंटरला जाऊन लागली. घरी आल्यावर ती म्हणाली, "वहिनी, आज काम कसं लवकर आटोपलं बघ."

उपाय फसतात याचं मला दुःख नव्हतं. ती कुठलाच उपाय टिकवत नाही, याने मी हताश व्हायचे. मिष्टी दोई, इथलं गोड दही, सोडलं ते एका आठवड्यापुरतं, मग आख्खं मडकं एकटीने संपवलं. प्रत्येक गावात तिने नवा डॉक्टर गाठला होता, आणि प्रत्येक डॉक्टरला मलमाची पहिली ट्यूब संपायच्या आत सोडलं होतं. मी बोलले की म्हणायची, "अगं, गुण यायचा असता तर एव्हाना आला असता."

हे सगळं एकटीपुरतं होतं तोवर मी सोसलं. पण सई मोठी झाली आणि तिच्याही कपाळावर, हनुवटीवर पुटकुळ्या आल्या. कोलकात्यात वाढलेली पोर; तिचं मराठी घरापुरतं, पण आत्याशी ती तेवढ्याच मराठीत तासन्‌तास बोलायची. माझं एक ऐकायची नाही, आत्याचं सगळं. मागच्या दुर्गापूजेच्या आधी आत्याने गल्लीच्या तोंडावरच्या औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. दोघींनी ती लावली. काही दिवसांत सईचा चेहरा असा नितळ झाला, की पूजेत ती नव्या कपड्यांत मैत्रिणींबरोबर प्रत्येक मंडपापुढे फोटो काढत फिरली. नणंद मला म्हणाली, "बघितलंस? तू उगाच नावं ठेवतेस." दिवाळीच्या सुमारास ट्यूब संपली आणि सईचा चेहरा पेटला. गाल लालभडक, हात लावू देईना, आणि मुरुमं पूर्वीच्या दुप्पट.

सईने शाळा बंद केली. मास्क लावून क्लासला तरी जा म्हटलं, तर खोलीचं दार लावून घेतलं. "आई, मी नाही जाणार. सगळे देखतात." तिचं बोर्डाच्या परीक्षेचं वर्ष होतं. माझी नणंद त्या बंद दारासमोर खुर्ची टाकून बसायची.

शेवटी मी दोघींना धरून त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. पांढऱ्या केसांच्या, कडक बाई. त्यांनी ट्यूब पाहिली आणि बाजूला सारली. यात स्टेरॉइड आहे, चेहऱ्याला लावायचं नाही. आधी बरं वाटतं, मग हे असं होतं. चेहरा दोनदाच धुवायचा, हलक्या हाताने. घासायचं नाही, फोडायचं नाही. रात्री मटारच्या दाण्याएवढं मलम, फक्त फोडांवर नाही, सगळ्या चेहऱ्यावर. सुरुवातीला थोडं वाढल्यासारखं वाटेल. दोन-तीन महिने थांबावं लागेल.

"और पानी?" नणंदेने विचारलं.

"पानी से होता, तो पूरे बेहाला को होता."

"त्यांना सवय आहे," नणंद मला मराठीत म्हणाली.

डॉक्टरांनी मग तिचाही चेहरा तपासला. चाळिशीतही येतात, म्हणाल्या, बायकांना जास्त, हार्मोनमुळे. उपाय तोच, आणि तो टिकवावा लागतो. सई मध्येच म्हणाली, "अजून वाढणार? मग मी नाही लावणार." तेव्हा माझी नणंद, जिने जन्मात एक उपाय टिकवला नव्हता, म्हणाली, "मी लावते. तू सोडशील त्या दिवशी मीही सोडेन. माझं वाटोळं करायचं असेल तर सोड."

आणि तिने ते पाळलं. बेसिनवरून मसूरडाळ गेली, चंदन गेलं. तिथे एक खराखुरा मटारचा दाणा आला, मापासाठी. तो सुकला की ती नवा ठेवायची. "आक्रसला, की डोस कमी होतो," असं तिचं म्हणणं. जेवणं झाली की दोघी आरशासमोर शेजारी शेजारी उभ्या राहायच्या, दाण्याशी बोट ताडून मलम घ्यायच्या. सुरुवातीला सालं निघाली, फोड वाढले, सई रडली. आत्या म्हणायची, "माझंही बघ, बटाटा सोलल्यासारखं झालंय." हे ऐकून सईला रडता रडता हसू यायचं. परीक्षेला ती मास्क लावून गेली. निकालाआधी, एका दुपारी, मास्क न लावता खाली जाऊन फुचका, इथली पाणीपुरी, खाऊन आली. डाग होते, पण फोड बसले होते. नणंदेचा चेहराही मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा शांत पाहिला.

त्याच महिन्यात बदलीचं पत्र आलं. रायपूर.

पुन्हा हावडा स्टेशन. हजर: तेच चौघे, दोन बॅगा आणि चार कॅन. मी एका कॅनला हात लावला. भरलेला. "यात काय आहे?"

"बेहालाचं पाणी," ती म्हणाली. "हसू नकोस, वहिनी. हे एकच मला मानवलं."

मी हसले नाही. सई तिला बिलगून उभी होती आणि ती सईच्या गालावरून हात फिरवत होती, मऊ झाला का ते बघत. घरी आलो तेव्हा तिची ट्यूब बेसिनवर तशीच होती, अर्धी भरलेली. पाणी नेलं होतं, औषध विसरली होती.

फोनवर मी सांगितलं, तिथे हीच घे, मिळेल. "घेते गं," म्हणाली. सुरुवातीला रोज व्हिडिओ कॉल यायचा आणि दोघी दोन गावांत मलम लावायच्या. मग तिच्याकडचा कॅमेरा बंद राहू लागला. नेटवर्क नाही म्हणते. परवा विचारलं तर म्हणाली, "कॅन संपले बघ. इथलं पाणी काही मानवत नाही."

सई अजून रोज लावते. बेसिनवरचा दाणा सुकला, की फ्रीजरमधून नवा आणून ठेवते. तिचं तिला एकटीला किती दिवस जमेल, मला माहीत नाही. आत्याची ट्यूब तिने आरशाखाली उभी करून ठेवली आहे. मी पाकीट आणलं, त्यावर रायपूरचा पत्ता लिहिला, ट्यूब उचलली, तर सई म्हणाली, "राहू दे ना आई. आत्या आली की तिला लागेल."

माझ्या यादीत बाकी सगळ्यावर रेघ मारून झाली आहे. ट्यूब कुरिअर करणे, एवढं राहिलं आहे.