ॲपची सासू

माझी धाकटी बहीण दवाखान्यात सिस्टर आहे. तिथले लोक तिला पाठीमागे ‘ॲपची सासू’ म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त डॉक्टरीणबाईंची. नाव काही चुकीचं नाही. पेशंटच्या मोबाइलमध्ये कुठलं ॲप घालून द्यावं आणि कुठलं नको, हे डॉक्टरांना सांगायचं काम तिच्याकडे. साखरेचं, दम्याचं, गुडघ्याच्या व्यायामाचं, रोज एक नवीन निघतं. डॉक्टरांना बघत बसायला वेळ नसतो. ही बघते, आणि सुनेच्या हातचं काहीच पसंत पडू नये तशी बघते.

मी जन्मभर पाइप जोडले. नवी लाइन जोडली की तिच्यात पाणी भरून दाब द्यायचा, तो टिकतो का ते बघत बसायचं, मगच ‘झालं’ म्हणायचं. दाब न देता ‘झालं’ म्हणणारे फिटरही होते. त्यांच्याबरोबर मी जेवायलासुद्धा बसत नसे. धाकटीचं काम मला कळतं ते एवढ्यामुळे.

नवीन ॲप आलं की आधी ती स्वतः वापरायची. मुद्दाम चुकीचं भरायची. साखर पार खाली गेलीय असं भरल्यावर ते ‘ताबडतोब डॉक्टरांकडे जा’ म्हणतं, की ‘छान, असंच चालू ठेवा’ म्हणून फूल दाखवतं? फूल दाखवलं की बाद. मग नेट बंद करून बघायची. लोकांची माहिती कुठे जाते ते शोधायची, ते सापडलं नाही तरी बाद. एवढ्यातून जे उरेल ते घेऊन माझ्याकडे यायची.

“दादा, चष्मा काढ.”

“चष्म्याशिवाय मला काय दिसणार?”

“लोक चष्मा शोधत बसत नाहीत. काढ. तुझ्या या लाकडी बोटांना जमलं की कोणालाही जमेल.”

असंच एकदा ती रक्तदाबाचं ॲप घेऊन आली. पट्टा नको, पंप नको. कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं की थोड्या वेळात आकडा. कंपनीचा माणूस बाईंसमोर गोड गोड बोलून गेला होता. मी बोट ठेवलं. एकशेवीस-ऐंशी. मी खूश. तिने लगेच पट्टा बांधला, तर एकशेसत्तर. मला दोनदा जिना चढायला-उतरायला लावलं. धापा टाकत बोट ठेवलं, ॲपवर पुन्हा एकशेवीस. ती आत जाऊन एक बटाटा घेऊन आली आणि तो कॅमेऱ्यावर धरला. ॲपने जरा विचार केला. एकशेअठरा-अठ्ठ्याहत्तर.

“दादा, बटाटा तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे रे!”

माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “त्याला भाजीत टाकू, की दवाखान्यात दाखल करताय?”

आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी तिने बाईंना सांगितलं. त्याही हसल्या. “सासूबाई, ही सून नको ना? नको तर नको,” म्हणाल्या. विषय संपला, असं धाकटीने धरलं. तसं धरायला कारण होतं. दोघी वर्षानुवर्षं एका डब्यातलं जेवत आल्या होत्या. बाईंची आई अंथरुणाला खिळली तेव्हा सुट्टीच्या दिवशी तिचं सगळं धाकटीने केलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या गल्लीतले टेलरमास्तर शिलाई मशीनवर बसल्या बसल्या कलंडले. धाकटीचे कामावरचे कपडे त्यांनीच शिवलेले. आम्ही दोघं मोठ्या इस्पितळात बघायला गेलो. मास्तरांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात पांघरुणावर नुसता पडलेला. ज्या हाताने कात्री चालायची, तोच.

मास्तरांची बायको धाकटीला बघून उठली. “आता कशाला आलात? तुम्हीच पास केलंत ना ते?”

“काय पास केलं वहिनी?”

तिने मास्तरांचा मोबाइल पुढे केला. तेच ॲप.

“मॅडम म्हणाल्या, सिस्टरनी तपासलंय, बिनधास्त वापरा. रोज चांगलंच दाखवायचं. म्हणून यांनी प्रेशरची गोळी सोडली.”

“गोळी सोडा असं कोण म्हणालं?”

“कोणी नाही. पण चांगलं आहे तर गोळी कशाला? आणि सिस्टरनी तपासलंय म्हटल्यावर आम्ही आणखी कोणाला विचारायचं?”



तिथून धाकटी थेट दवाखान्यात गेली. मी सोबत होतो. बाईंच्या खोलीचं दार तिने लावून घेतलं नाही.

“मॅडम, ते ॲप किती जणांना दिलंत?”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “रांग दारापर्यंत जायची, ताई. निम्मे लोक नुसतं प्रेशर मोजायला यायचे. काहीतरी द्यायलाच हवं होतं.”

“मग तुमच्या नावावर द्यायचं.”

“माझ्या नावावर दिलं की विचारतात, सिस्टरना दाखवलं का? तुमचं नाव घेतलं की गप्प घेतात.”

हे त्या कौतुक केल्यासारखं बोलल्या. मी जोडलेल्या लाइनवर दुसऱ्याने खोटा दाब लिहिला असता, तर मी तिथेच पाना फेकून मारला असता. धाकटी तशी नाही.

“मी नको म्हटलं होतं. तुम्ही हसलात. नको तर नको म्हणालात.”

“म्हणाले होते.”

“मास्तरांचा हात गेलाय, मॅडम.”

धाकटी वळली आणि बाहेर बाकांवर बसलेल्या लोकांपुढे उभी राहिली. “बोट ठेवून प्रेशर दाखवणारं ॲप ज्यांच्याकडे असेल, त्यांनी आत्ता काढून टाका. ते खोटं दाखवतं. गोळी कोणी सोडली असेल तर मला सांगा.”

“तुम्हीच तपासलं होतं ना?” एकाने विचारलं.

“मी नको म्हटलं होतं.”

“मग मॅडम खोटं बोलल्या का?”

बाई दारात येऊन उभ्या होत्या. धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. बाईंच्या एका वाक्याचं काम होतं. बाईंनी सगळ्यांकडे बघून घेतलं आणि म्हणाल्या, “ताईंचा जरा गैरसमज झालाय. ज्यांना नको असेल त्यांनी काढा.”

धाकटीचा चेहरा इस्पितळातही असा झाला नव्हता.

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “आधी हो, आता नाही. तुमचं काय ते एकदा ठरवा बुवा, सिस्टर.” दोघातिघांनी ॲप काढलं. बाकीच्यांनी मोबाइल खिशात टाकले.

ती भांडली नाही. खुर्चीवर बसली आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला बोलावून त्याची बाही वर सरकवली. पट्टा बांधला, फुगवला. त्याने दुसऱ्या हाताने मोबाइल काढून कॅमेऱ्यावर बोट ठेवलं.

“एकशेब्याऐंशी,” ती म्हणाली. “गोळी घेताय का?”

“यात तर एकशेवीस आहे. तुमचं मशीनच बिघडलं असेल.”

“गोळी घेताय का, काका?”

काकांनी मान वळवून दारातल्या बाईंना विचारलं, “मॅडम, कोणतं खरं धरू?”