मोरपंखी साडीची घडी
लातुरात एका कापडदुकानाच्या काचेआड साड्या नेसवलेले पुतळे उभे होते आणि वर ‘न्यू डिस्प्ले’ अशी दिमाखदार पाटी होती. ‘डिस्प्ले’ हा इंग्रजी शब्द आता मिरवण्याच्या कामी लागला असला, तरी त्याचं लॅटिन मूळ साधं आहे, घडी उलगडणे. आतून कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला आणि ताईचं निलंग्यातलं लग्न आठवलं. आईने त्यासाठी स्वतःला मोरपंखी साडी घेतली होती. आमच्याकडे नव्या साडीची घडी मोडायला, म्हणजे ती पहिल्यांदा नेसायला, जिवाच्या माणसाला देतात. लग्नाच्या सकाळी आईने ती मावशीच्या मांडीवर ठेवली. काका गेल्यापासून मावशी फिक्या रंगांतच असायची आणि लग्नातही मागच्या खोलीत बसायचं ठरवूनच आली होती. “मला नगं. लोकं काय म्हनतील?” “लोकं जेवायला आलेत अक्का, जेवून जातील. तू घडी मोड.” “लई हट्टी हायस बाई तू.” “हाव, तुझीच भन हाय.” मावशी बराच वेळ काठावरून हात फिरवत राहिली, मग तिने साडी उलगडली. मांडवात पुढाऱ्यांचे सत्कार इतके लांबले की मावशीकडे बघायला कुणाला सवडच नव्हती. ती पुढे उभी राहून अक्षता टाकत होती. आज घरी येऊन लग्नाचा फोटो पाहताना लक्षात येतं, लेकीच्या लग्नात आई जुनीच साडी नेसली होती, आणि ती कॅमेऱ्याकडे नाही, मावशीकडे बघते आहे.