गोठ्याची खात्री

पर्चेस विभागातल्या आत्यांकडे कुणी काहीही विकायला आलं, की त्या आधी किंमत विचारत नसत. चष्मा कपाळावर सारून विचारत, "गोठा कुठला?" महाडच्या आमच्या केमिकल कारखान्यात माल विकायला येणारे बहुतेक मुंबईचे. ते बिचारे गोंधळून एकमेकांकडे बघत. व्हॉल्व्ह असो, हातमोजे असोत, नाहीतर कँटीनची चहापूड, आत्यांना आधी गोठा कळायला हवा.

आत्या मूळच्या डोंगरातल्या कुडपण गावच्या. तिथं वर बैल घ्यायचा तर नुसत्या बाजारात दात बघून घेत नसत. ज्याच्या दावणीला तो जन्मला त्याच्या घरी जायचं, त्याची आई बघायची, घरच्यांच्या हातचा चहा घ्यायचा, मग बोलणं. "बाजारात बैलाची शिंगं रंगवता येतात गो, आई रंगवता येत नाय," असं त्या मला सांगत. एरवी ऑफिसात पुस्तकी मराठी बोलणाऱ्या आत्या, माया आली किंवा राग आला की थेट कुडपणला पोचत.

त्यांचा भाचा सुरेश आमच्याकडे रसायनं शिजवणाऱ्या रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर होता. तो आत्या म्हणे म्हणून सगळा कारखानाच म्हणू लागला, मॅनेजरसाहेबांसकट. मी तिथं इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर, जात्याच उतावळी. आमचं जमायचं काही कारण नव्हतं, पण जमलं. दुपारी त्यांच्या डब्यातली अर्धी नाचणीची भाकरी माझी असे. नको म्हटलं की, "मोजून आणलीय काय मी?" असं ऐकावं लागे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रिअ‍ॅक्टरचं तापमान सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड बिघडलं. तापमान चढलं की थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा, एवढंच त्या कार्डाचं काम. पण ते चुकलं, तर आतला माल उसळून बाहेर येणार आणि समोर उभा असणार ऑपरेटर. कार्डावरची एक आयसी, म्हणजे बोटाच्या पेराएवढी चिप, जळली होती. शोधलं तर कळलं, मूळ कंपनीनं ती बनवणंच बंद केलंय. मुंबईच्या एका दुकानदाराकडे होती म्हणे, दुसऱ्याच दिवशी मिळणार होती. आत्यांनी फोनवर त्यालाही गोठा विचारला. "मॅडम, माल एकदम ओरिजिनल," तो म्हणाला. आत्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "हा आई दाखवत नाय."

मी चिडले. जुन्या आयसीवरचा नंबर घासून नवा छापतात हे मला ठाऊक होतं, पण म्हणून काय प्रत्येक जण लबाड असतो? आत्यांनी वाद घातला नाही. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुला बघून कळेल?" बघून मलाही कळणार नव्हतं. बसवल्या बसवल्या ती चाललीही असती. पुढं कधी बॅच तापलेली असताना चालेल का, हे कुणी सांगावं?

मग शोध सुरू झाला आणि बंगलोरला एक अधिकृत पुरवठादार निघाला. मूळ कंपनीनं उत्पादन बंद करताना उरलेला माल रीतसर त्याच्या हवाली केला होता, कागदपत्रांसकट. आत्यांनी आपल्या हिंदीत विचारलंच, "इसका गोठा किधर का है?" पलीकडचा माणूस "क्या, क्या?" करू लागला. मी फोन ओढून घेतला आणि त्याला समजावलं. कुठल्या कारखान्यात, कुठल्या खेपेत बनली ते लिहून देतो, असं तो म्हणाला तेव्हा आत्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे मालकानं गोठा मोडताना गुरं ओळखीच्या माणसाकडं सोपवली. चालंल." बंद झालेला माल सांभाळून विकण्याच्या या धंद्याची याहून सोपी व्याख्या मी आजवर ऐकलेली नाही.

पण माल यायला काही आठवडे लागणार होते. रिअ‍ॅक्टर बंद, ऑर्डर खोळंबलेली, साहेबांचा पारा चढलेला. एका सकाळी स्टोअरच्या दारात सगळ्यांदेखत ते आत्यांना म्हणाले, "भाचा आहे म्हणून हे लाड चाललेत. ऑर्डर गेली तर तुमचीही खुर्ची जाईल." सुरेश तिथंच होता, त्याची मान खाली गेली. आत्यांनी चष्मा पुसला. "उद्या सुरेशला दुसरीकडं टाका, साहेब. तिथं जो उभा राहील तो कुणाचा तरी भाचा असंलच." साहेब निघून गेले. आत्या टेबलाशी जाऊन पुन्हा बंगलोरला फोन लावू लागल्या. कुडपणचं अख्खं घर त्यांच्या पगारावर चालायचं, हे मला माहीत होतं.

पार्सल आलं तेव्हा त्यात दोन आयसी. दोन कशाला, साहेबांनी विचारलं. "बैल कुणी एकटा घेतं का?" एक मी बसवली. दुसरी त्यांनी काळ्या फोमसकट डबीत घालून माझ्या कपाटात ठेवायला लावली. ऑर्डर उशिरा गेली, पण गेली, आणि आत्यांची खुर्चीही राहिली. साहेब पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. मात्र त्यांच्या मुलीला स्थळ सांगून आलं तेव्हा चौकशीला त्यांनी आत्यांनाच पाठवलं.

निवृत्त होऊन आत्या कुडपणला गेल्या. तिकडे फोन लागायचा नाही, सुरेशकरवी नाचणीचं पीठ यायचं. त्यांच्यावाचून ऑफिसात करमत नसे. डबा तर मी जागेवरच उरकू लागले. एका पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि आत्या गेल्या. सुरेश सांगायला आला तेव्हा त्याच्या हातात पिठाची पुरचुंडी होती, त्यांनीच माझ्यासाठी बांधून ठेवलेली. ते पीठ मळायला माझा हात होईना.

पुढं काही वर्षांनी तेच कार्ड पुन्हा गेलं. मी डबी काढली, दुसरी आयसी बसवली. रिअ‍ॅक्टर तापू लागला. सुरेश, आता केस पिकलेला, समोर तापमानाच्या काट्याकडे बघत उभा होता. काटा चढला, व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज आला आणि काटा हळूहळू खाली आला. सुरेशनं माझ्याकडे बघून मान डोलावली.

मी सवयीनं इंटरकॉम उचलला आणि पर्चेसचा नंबर फिरवला. आत्या, जोडीतला दुसराही चांगला निघाला, एवढंच सांगायचं होतं.

"पर्चेस, बोला," पलीकडे कुणा नव्याच माणसाचा आवाज.

"चुकून लागला," मी म्हटलं, आणि रिसीव्हर कानाला धरूनच बसले.